इंजिन हाताने फिरवा, मग विचारा: हा भाग कापला कसा?

डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरच्या, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाच्या, टोकाला जी छिद्रं असतात, त्यांचा व्यास साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतो. डोक्याचे दोन केस शेजारी शेजारी धरले तर जेवढी जाडी होईल, जवळपास तेवढा. हे टोक, म्हणजे नोजल, असतं कडक पोलादाचं आणि छिद्रं असतात ठरलेल्या कोनात, एकाच टोकावर अनेक. आजच्या काही इंजिनांत या छिद्रांतून २००० बारपेक्षा (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) जास्त दाबाने डिझेल फवारलं जातं. इतक्या बारीक ड्रिलने कडक पोलादात भोक पाडायला गेलात तर ड्रिल मोडेल, भोक पडणार नाही. मग ही छिद्रं पडतात कशी?

इंजिन एका विषयात शिकवलं जातं आणि अपारंपरिक मशिनिंग, म्हणजे कठीण टूल न भिडवता ठिणगी, रसायन, प्रकाश अशांनी कापणं, दुसऱ्या विषयात. विद्यार्थी चार स्ट्रोक पाठ करतात, ईडीएम (ठिणगीने कापणं), ईसीएम (विरघळवून कापणं), यूएसएम (अल्ट्रासॉनिक थरथरीने कापणं) ही आद्याक्षरंही पाठ करतात, पण एकाचा दुसऱ्याशी धागा जुळत नाही. माझ्या मते हे दोन्ही एकत्रच शिकावं. भाग काय सोसतो हे कळलं की तो अमुकच धातूचा का, ते कळतं. धातू कळला की साध्या टूलने तो का कापता येत नाही, ते कळतं. तिथून पुढची पद्धत पाठ करावी लागत नाही.

पायरी १: चार स्ट्रोक नीट समजून घ्या

पेट्रोल इंजिनाचं सगळं बळ एका गोष्टीत आहे: हवा आणि इंधन आधी दाबायचं, मग पेटवायचं. निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये या तत्त्वावर चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणाऱ्या पिस्टनची एक खेप म्हणजे एक स्ट्रोक. पिस्टन खाली जाताना इनलेट व्हॉल्व्ह उघडा असतो आणि मिश्रण आत येतं, हा सक्शन. पिस्टन वर येतो, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मिश्रण दाबलं जातं, हा कॉम्प्रेशन. पिस्टन वर पोहोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो, कारण ज्वाळेला पसरायला वेळ लागतो. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो, हा पॉवर स्ट्रोक. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि वर येणारा पिस्टन जळका वायू बाहेर लोटतो.

या चार हालचालींत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन फेऱ्या होतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्या) क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरते, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा आग पेटते आणि चार सिलिंडरच्या इंजिनात १०० वेळा.

हवेचं प्रमाणही लक्षात ठेवा. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. घनफळात ती साधारण १२ घनमीटर भरते. हवेचा फिल्टर तुंबला की इंजिन का दमतं, हे या एका आकड्यावरून कळतं.

डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नसते. तिथे नुसती हवा १५ ते २० पट दाबली जाते, दाबल्याने ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चाललं ते याच तत्त्वावर.

पायरी २: इंजिन हाताने फिरवा

चित्र पाहून जे कळत नाही ते हाताने फिरवल्यावर पाच मिनिटांत कळतं. प्लगपर्यंत सहज हात पोहोचेल असं साधं पेट्रोल इंजिन निवडा. ते पूर्ण थंड असू द्या. ॲल्युमिनियमच्या हेडमधून (सिलिंडरवरच्या झाकणातून) गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होऊ शकतात.

१. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. किल्ली काढून घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा.

२. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून किंवा ब्रशने काढा. एक बारीक खडासुद्धा सिलिंडरमध्ये पडला तर भिंतीवर ओरखडे पडतात. मग प्लगवरच्या कॉइल (प्लगला वीज देणारे भाग) आणि सगळे प्लग काढा आणि कोणता कुठला हे कळेल अशा क्रमाने कापडावर मांडून ठेवा.

३. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट बसवा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. पुलीच्या बाजूने पाहिलं तर बहुतेक इंजिनांत ही दिशा घड्याळाच्या काट्यांची असते, तरी गाडीच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या. उलट फिरवू नका, टायमिंग बेल्ट किंवा चेनचा ताण सुटू शकतो.

४. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर, भोकापेक्षा जाड अशा रबरी नळीचं टोक घट्ट धरा आणि दुसरं टोक तळहाताशी आणा. सोबत्याला सॉकेट सावकाश फिरवायला सांगा.

आता लक्ष तळहातावर ठेवा. एका अर्ध्या फेरीत हवेची जोरदार फुंकर येईल, तो कॉम्प्रेशन. लगेच पुढच्या अर्ध्या फेरीत तळहात नळीकडे ओढला जाईल, कारण दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन खाली जातोय आणि पेटलेला वायू तर आत नाही. त्यानंतरची पूर्ण एक फेरी जवळपास शांत जाईल, कारण तेव्हा हवा उघड्या व्हॉल्व्हमधून ये-जा करते. फुंकर, ओढ, मग शांतता. हा ताल एकदा तळहाताने ओळखला की चार स्ट्रोक परत पाठ करावे लागत नाहीत. मी स्वतः चित्रांवरून शिकलो होतो, पण पॉवर स्ट्रोकमध्येही दोन्ही व्हॉल्व्ह बंदच असतात हे मनात पक्कं बसलं ते या ओढीमुळे.

तेल ओतायचं झाकण उघडल्यावर काही इंजिनांत खाली कॅमशाफ्ट दिसते. तशी दिसत असेल तर फिरवता फिरवता कॅमचं टोक व्हॉल्व्हकडे वळतं तो क्षण पकडा.

पायरी ३: काढलेला प्लग भिंगाखाली धरा

प्लग बाहेर आलेच आहेत, तर त्यांच्याकडे नीट पाहा. नव्या प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात. बराच चाललेल्या प्लगच्या कडा गोल झालेल्या दिसतील आणि दोन इलेक्ट्रोडमधली फट वाढलेली असेल. कोणी घासलं नाही, कापलं नाही, तरी धातू गेला. तो ठिणगीने खाल्ला. प्रत्येक ठिणगीच्या पायाशी धातूचा अगदी सूक्ष्म कण वितळतो आणि उडतो.

या लेखाचा सगळा धागा त्या गोल झालेल्या कडेत आहे. सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ दांपत्य नेमक्या याच झिजेवर काम करत होतं: विजेच्या कॉन्टॅक्टचा टंगस्टन ठिणगीने का झिजतो आणि ते थांबवायचं कसं. जुन्या इंजिनांच्या इग्निशनमध्ये असे कॉन्टॅक्ट असत आणि ते वरचेवर खराब होत. झीज थांबवणं त्यांना जमलं नाही. पण कॉन्टॅक्ट तेलात बुडवले की ठिणग्यांनी होणारी झीज जास्त नियमित होते, हे त्यांनी पाहिलं. मग १९४३ मध्ये त्यांनी प्रश्नच उलटा केला: ही झीज आपण हवी तिथे, हवी तेवढी घडवली तर? ईडीएम मशिनचा जन्म तिथला.

पायरी ४: थोडी आकडेमोड

समजा बोर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनच्या एका खेपेचं अंतर) ८० मिमी आहे. एका सिलिंडरचं घनफळ ०.७८५४ (म्हणजे π/४) × ८ × ८ × ८, म्हणजे सुमारे ४०२ घनसेंमी. चार सिलिंडर धरले तर १६०८, म्हणजे बोलीभाषेत १.६ लिटरचं इंजिन. कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) १० हवा असेल तर पिस्टन सगळ्यात वर असताना उरणारी जागा ४०२ भागिले ९, म्हणजे सुमारे ४४.७ घनसेंमी असायला हवी. हेडचा पृष्ठभाग जास्त घासला तर ही जागा कमी होते आणि रेशो वाढतो. हेड ‘जरासं’ घासून आणण्याआधी हे गणित करा.

पायरी ५: भाग काय सोसतो ते पाहा

जळणाऱ्या वायूचं तापमान काही क्षण २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकतो, कारण ती धग क्षणभराची असते आणि पिस्टनमधली उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे व तेलाकडे सतत वाहून जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला अशी सवलत फारशी नाही. जळका वायू त्याच्या मानेला घासूनच बाहेर पडतो, म्हणून त्याला उष्णतेत न खचणारं मिश्र पोलाद लागतं. टर्बोचार्जर (जळक्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) याच्या टर्बाइनला निकेलचे मिश्रधातू लागतात. क्रँकची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) वरच्या थरात कडक केलेली असतात, आणि त्यांच्या आतून तेलाच्या तिरप्या वाटा एकमेकींना छेदत जातात.

आता पारंपरिक कातकाम काय मागतं ते आठवा. लेथ असो, मिलिंग असो की ड्रिल, टूल जॉबपेक्षा (कापायच्या भागापेक्षा) कठीण हवं, ते जॉबला भिडायला हवं, आणि त्या दाबाखाली दोघांपैकी कोणीही वाकता कामा नये. जॉब फार कठीण असेल, फार नाजूक असेल, किंवा टूल पोहोचूच शकणार नाही असा आकार असेल, तर या तीनपैकी एखादी अट मोडते. तिथे अपारंपरिक पद्धत लागते. पण जिथे एकही अट मोडत नाही, तिथे अपारंपरिक पद्धत वापरणं म्हणजे वेळ आणि वीज दोन्ही घालवणं. ब्लॉकचा (सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्याचा) सपाट पृष्ठभाग मिलिंगनेच करावा.

पायरी ६: ठिणगीने कापणं, म्हणजे ईडीएम

जॉब आणि टूल दोन्ही तेलात बुडवतात. टूल तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं असतं, जॉबपेक्षा मऊ असलं तरी चालतं. दोघांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाची फट राखतात, ते एकमेकांना टेकत नाहीत. व्होल्टेज वाढलं की फटीतल्या तेलाचा रोध एका जागी तुटतो आणि ठिणगी पडते. तिच्या गाभ्याचं तापमान हजारो अंश असतं, पण ती काही मायक्रोसेकंदच टिकते. जॉबवर इवलासा खड्डा पडतो. वीज बंद होते, तेल कण वाहून नेतं, परत ठिणगी. असं सेकंदाला हजारो वेळा घडतं आणि टूलच्या आकाराचा खळगा जॉबमध्ये उतरत जातो.

मशिनवर उभं राहिल्यावर सांभाळायच्या गोष्टी पुढच्या.

वीज चालू ठेवायचा काळ आणि करंट वाढवला की धातू झपाट्याने निघतो, पण पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून आधी मोठ्या ठिणग्यांनी रफ आणि मग बारीक ठिणग्यांनी फिनिश. वीज बंद ठेवायचा काळ फार कमी केला तर कण वाहून जायला वेळ मिळत नाही, एकाच जागी आर्क (न थांबणारी ठिणगी) धरला जातो आणि जॉब जळतो. काम बिघडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि नवशिका माणूस घाईत नेमका हाच आकडा कमी करतो. ठिणगी बाजूलाही पडते, म्हणून भोक टूलपेक्षा थोडं मोठं होतं. टूल तेवढं बारीक करावं लागतं. टूलही झिजतं, त्यामुळे अचूक कामाला एकापेक्षा जास्त टूल तयार ठेवा. आणि ठिणगी तेलाच्या पातळीपासून पुरेशी खाली असायलाच हवी. पातळी उतरली तर आग लागू शकते.

वितळून परत थिजलेला एक पातळ थर पृष्ठभागावर राहतो. तो कठीण पण ठिसूळ असतो आणि त्यात सूक्ष्म तडे असू शकतात. वारंवार ताण सोसणाऱ्या भागावरून तो काढून टाकावा. वायर-कटमध्ये टूलच्या जागी पितळेची बारीक तार सरकत राहते आणि तेलाऐवजी बहुधा क्षार काढलेलं पाणी वापरतात. तुटून अडकलेला टॅप (भोकात आटे पाडायचं टूल) काढायलाही ईडीएमसारखा उपाय नाही: टॅपच्या मधला भाग ठिणगीने खाऊन टाकायचा, उरलेल्या पाकळ्या चिमट्याने निघतात आणि आटे शाबूत राहतात.

इंजेक्टरची छिद्रं मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने पाडतात, बारीक तारेसारख्या इलेक्ट्रोडने. नंतर कठीण कण मिसळलेला द्रव दाबाने त्या छिद्रांतून पाठवून आतल्या कडा गोल करतात, म्हणजे डिझेलचा प्रवाह सुरळीत होतो.

पायरी ७: विरघळवून कापणं, म्हणजे ईसीएम

हे घरी करून पाहता येतं. साध्या लोखंडाचा भंगारातला तुकडा घ्या. स्टेनलेस स्टील घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियमची संयुगं तयार होऊ शकतात. तुकडा साबणाने धुऊन कोरडा करा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि पट्टीत एखादं अक्षर कापून उघडं करा. ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक तुकड्याला जोडा. निगेटिव्ह टोकाच्या तारेवर कापूस गुंडाळा, तो मिठाच्या दाट पाण्यात बुडवून अक्षरावर टेकवा. तार कापसातून उघडी पडून लोखंडाला भिडणार नाही हे पाहा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला.

काही सेकंदांत कापूस हिरवट-तपकिरी होतो. मिनिटाभराने पट्टी काढून नख फिरवा, अक्षर खोल गेलेलं लागेल. मग बॅटरीची टोकं उलटी जोडून दुसऱ्या जागी तेच करा: लोखंडावर नुसते बुडबुडे येतील, अक्षर उमटणार नाही. पॉझिटिव्ह बाजू विरघळते, निगेटिव्ह बाजूला हायड्रोजन सुटतो. ईसीएममध्ये टूल निगेटिव्ह असतं, म्हणून ते झिजत नाही, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

मशिनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं: कमी व्होल्टेज, प्रचंड करंट आणि फटीतून वेगाने वाहणारं क्षारयुक्त पाणी. फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला तर १००० अँपिअर करंट मिनिटाला सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे साधारण २.२ घनसेंमी लोखंड विरघळवतो. जॉबचा कठीणपणा इथे आड येत नाही. उष्णतेने बिघडलेला थर राहत नाही, तडे पडत नाहीत. अडचणी वेगळ्या आहेत: क्षारांमुळे मशिन गंजतं, गाळाची नीट विल्हेवाट लावावी लागते, आणि टूलचा आकार ठरवणं किचकट असतं.

क्रँकच्या आत जिथे तेलाच्या वाटा एकमेकींना छेदतात, तिथे ड्रिलिंगनंतर धातूची बारीक बर (कडेला चिकटून राहिलेला पातळ तुकडा) उरते. ती सुटून बेअरिंगमध्ये गेली तर बेअरिंग खराब होतं, आणि कानस तिथे पोहोचत नाही. विरघळवून बर काढण्याची पद्धत अशा जागी फार कामाची आहे.

पायरी ८: बाकीच्या पद्धती, थोडक्यात

लेझर प्रकाशाने वितळवतो. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये चालवला. इंजिनातला त्याचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यात) आहे. रॉडच्या मोठ्या भोकात समोरासमोर दोन बारीक खाचा लेझरने पाडतात आणि आतून जोर लावून रॉड चक्क तोडतात. फुटलेल्या बशीचे दोन तुकडे जसे एकमेकांत अचूक बसतात, तशी रॉडची कॅप (तुटून सुटा झालेला तुकडा) फक्त त्याच रॉडवर बसते. म्हणून इंजिन उघडताना कॅपची अदलाबदल कधीही करू नका, आणि ते तुटलेले पृष्ठभाग घासूही नका.

वॉटरजेट सुमारे ४००० बार दाबाच्या पाण्याने कापतो. गॅस्केटसारख्या मऊ वस्तूला नुसतं पाणी पुरतं, धातूला त्यात कठीण कण मिसळावे लागतात. उष्णता लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. अल्ट्रासॉनिकमध्ये टूल सेकंदाला सुमारे २०,००० वेळा थरथरतं आणि मधले कण जॉबला ठोकत राहतात. काच आणि सिरॅमिक यांना ते लागू पडतं, मऊ धातूला नाही. इलेक्ट्रॉन बीमला निर्वात पोकळी लागते.

पायरी ९: पद्धत निवडा

पहिला प्रश्न: साध्या टूलने होतं का? होत असेल तर पुढे जाऊच नका. दुसरा: जॉबमधून वीज वाहते का? वाहत नसेल तर ईडीएम आणि ईसीएम दोन्ही बाद. तिसरा: उष्णतेने बिघडलेला थर चालेल का? चालत नसेल तर ईसीएम किंवा वॉटरजेट. चौथा: किती नग हवेत? एखादाच असेल तर ईसीएमचं टूल घडवण्यात दिवस जातील, तिथे ईडीएम सोयीचं. हजारो सारखे नग असतील तर न झिजणारं ईसीएमचं टूल ती मेहनत भरून काढतं.

पायरी १०: प्लग परत लावा

कापडावर प्लग अजून आहेत. पुस्तिकेत दिलेली फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजा. पुष्कळ गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिमीच्या दरम्यान असते. साध्या प्लगची बाहेरची पट्टी हलके वाकवून फट जुळवता येते. इरिडियमच्या प्लगला गेज घासू नका, त्याचं टोक अगदी बारीक असतं आणि ते बहुधा लेझरनेच जोडलेलं असतं. कडा फारच गोल झाल्या असतील तर प्लग बदला. आधी आटे हाताने चढवा. सुरुवातीलाच अडलं तर काढून परत सरळ बसवा, पान्याचा जोर लावू नका. शेवटी टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकं कसा, कॉइल बसवा, पुलीवरचं सॉकेट काढल्याची खात्री करा आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह तार जोडा.